डाव्या हाताचं घर

मिनीबस आठला सुटणार होती. मावशी साडेसातलाच येऊन पहिल्या बाकावर ठाण मांडून बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर सहलीची छापील पुस्तिका, आणि पुस्तिकेच्या चौदाव्या पानात खुणेचं बोट. शेजारी बसलेल्या भाचीला वाटत होतं, आपण एक्याऐंशी वर्षांच्या मावशीला जरा हवापालट म्हणून घराबाहेर काढलंय. खरं तर बाहेर काढलं होतं मावशीनं तिला. महिन्यापूर्वी पेपरात सहलीची जाहिरात आली, ती मावशीनं कात्रीनं कापली, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावली आणि आठ दिवस तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नवव्या दिवशी भाचीनंच विचारलं, "जायचंय का गं तुला?" मावशी म्हणाली, "तू म्हणतेस तर जाऊ." कामं काढून घ्यायची तिची रीतच अशी होती.

सहल होती साठ वर्षांपूर्वी आधुनिक म्हणवणाऱ्या घरांची. सपाट छपरं, काचेच्या भिंती, भिंतीतच बसवलेली कपाटं, नुसत्या फळ्यांचे जिने. नवी होती तेव्हा लोक त्यांना खोकी म्हणायचे. आता त्याच खोक्यांसाठी लोक तिकीट काढतात, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवतात आणि दबक्या आवाजात बोलतात. लोकांचं काही सांगता येत नाही. आज तीन घरं दाखवणार होते, तिन्ही एकाच आर्किटेक्टची. तो माणूस कधीच गेला, पण त्याच्या ऑफिसात मावशीनं चौतीस वर्षं काम केलं होतं, म्हणून ती अजूनही त्याला 'मोठे साहेब'च म्हणायची.

पहिल्या घरात शिरल्या शिरल्या गाइड मुलीनं स्वयंपाकघरातल्या एका फळीवर हात ठेवून विचारलं, "या भिंतीत काय दडलं असेल, ओळखा पाहू?"

"इस्त्रीचं टेबल," मावशी मागून म्हणाली. "कडी ओढली की खाली पडतं. जपून, पायावर येईल."

आलंच असतं. गाइड मुलगी वेळेवर मागे सरकली म्हणून बरं. पुढे मावशीनं न बघता सांगितलं की न्हाणीघराचं दार आत उघडतं, कोपऱ्यातल्या कपाटाला मूठ नाही, बोट घालायला भोक आहे, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा नाही, चढताना उजव्या हाताला तेवढा आहे. सहलीतला एक टकलू गृहस्थ, जो प्रत्येक कडी-कोयंड्याचा जवळून फोटो घेत होता, त्यानं तर तोंडात बोट घातलं.

"तू इथे आली होतीस आधी?" भाचीनं विचारलं.

"कधीच नाही," मावशी म्हणाली. "एकाही घरात नाही."

आणि हे अक्षरशः खरं होतं. मावशी त्या ऑफिसात ट्रेसर होती. साहेब पेन्सिलनं पातळ कागदावर घर काढायचे. ट्रेसरनं त्यावर मेणचट पारदर्शक कापड पसरायचं, चार कोपऱ्यांत टाचण्या मारायच्या आणि खालची रेघ न् रेघ शाईनं गिरवायची. त्या कापडावरून यंत्रात निळ्या प्रती निघायच्या, प्रती साइटवर जायच्या आणि त्यावरून घर उभं राहायचं. अशी एक्केचाळीस घरं तिनं गिरवली. कुठल्या खोलीत ऊन कधी येईल हे तिला कळायचं, कुठल्या खिडकीतून काय दिसेल हेही कळायचं. पण घर पुरं झालं की बघायला बोलावणं यायचं ते साहेबांना, इंजिनिअरला, फार तर हेड ड्राफ्ट्समनला. घर गिरवणाऱ्या पोरीला कोण बोलावतो? आचाऱ्यानं सगळा स्वयंपाक करावा आणि चव घ्यायची सोय नसावी, तसलं ते काम. मावशीला ते त्या वेळीही खुपायचं, आणि आता एक्याऐंशीव्या वर्षीही खुपत होतं.

दुसऱ्या घरात ती गप्प होती. बैठकीची खोली तीन पायऱ्या खाली, फरशीत पितळी पट्ट्या, विटांची जाळी, जाळीतून जमिनीवर पडलेली उन्हाची चौकडी. सगळे अगदी हरखून गेले होते. मावशीनं फक्त दारांकडे पाहिलं, एकेका मुठीवर हात ठेवला आणि पुढे गेली. डावरी असल्यामुळे तिला प्रत्येक दारापाशी अंग जरा तिरपं करावं लागायचं. जन्मभराची सवय होती, त्यामुळे तिच्याही ध्यानात यायचं नाही.

बस तिसऱ्या घराकडे निघाली तेव्हा तिनं पुस्तिका उघडून भाचीसमोर धरली. चौदावं पान. वर फोटो, खाली नाव: 'सकाळघर'.

"वाच."

भाचीनं वाचलं. बैठकीची मोठी काच पश्चिमेला, खालच्या तळ्याकडे करायची ठरली होती. पण साइट सुपरवायझरनं पायाच्या खुंट्या चुकीच्या बाजूनं ठोकल्या आणि पाया उलटा बांधला गेला. जोतं वर आल्यावर ही घोडचूक उघडकीस आली. आर्किटेक्टनं मात्र न डगमगता त्याच पायावर घर पुरं केलं, आणि पूर्वेच्या कोवळ्या उन्हाचं हे घर त्याची सर्वश्रेष्ठ कलाकृती ठरलं.

"बरं मग?" भाची म्हणाली.

"खुंट्या त्यानं चुकीच्या ठोकल्या नव्हत्या. नकाशाच उलटा होता. मी काढलेला."

बसनं वळण घेतलं. भाची शाळेत गणित शिकवायची. उत्तर चुकलं तर ती सारखी तीच ओळ पुन्हा बघते, तशी ती मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मग मावशीनं, साठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, खिडकीबाहेर बघत सांगून टाकली.

तो सुपरवायझर उंच, शिडशिडीत, चालतानाही ताठ. खिशात कायम भिंतीची उभी रेघ तपासायचा, दोरीला टोकदार गोळा असलेला पितळी ओळंबा, म्हणून ऑफिसनं त्याचं नावच ओळंबा ठेवलं होतं. मावशीचं नाव अर्थातच डावरी. दर शनिवारी तो प्रती न्यायला यायचा. प्रतींना पाच मिनिटं लागायची आणि ओळंबा अर्धा तास थांबायचा. हेड ड्राफ्ट्समन चष्म्यावरून बघायचा, पण बोलायचा नाही, कारण दोघं बोलायचे ते जिन्याच्या पायऱ्या आणि छज्ज्याच्या उतारांबद्दल. आता कुणी छज्ज्याच्या उताराबद्दल अर्धा तास हसत हसत बोलत असेल, तर काय ते समजायचं.

त्या शनिवारी साहेबांचा नवा कागद आला होता. दोन दिवस गुंडाळून ठेवलेला, टाचणी मारली की पुन्हा वळायचा. अशा वेळी सगळे ट्रेसर करतात तेच तिनं केलं: कागद पालथा टाकला, म्हणजे जरा दबेल, मग सुलटा करून काम सुरू करायचं. आणि तेवढ्यात ओळंबा आला.

"डावरीबाई, तुम्ही घरं काढता, पण बघितलंत का एखादं?"

"कोण दाखवतंय?"

"मी दाखवतो. हे आता काढताय ना, हेच. पुरं झालं की एका रविवारी या. एकेक दार उघडून दाखवतो. तक्रार असली तर तिथेच सांगायची."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो गेल्यावर ती कामाला बसली ती तरंगतच, आणि पालथा कागद पालथाच राहिला. पातळ कागद, काळी पेन्सिल, रेघा आरपार दिसत होत्या. साहेब कागदावर नुसत्या रेघा मारायचे. मापं आणि खोल्यांची नावं वेगळ्या चिठ्ठीवर यायची, ती तिनं नेहमीप्रमाणे सुलट अक्षरात घातली. प्लॉट चौकोनी, रस्ता वरच्या अंगाला, त्यामुळे उलटं घरही त्यात गुण्यागोविंदानं बसलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. सगळ्या जन्मात ती कधी इतकी खुशीत नव्हती, आणि सगळ्या जन्मात तिच्या हातून एवढी मोठी चूकही झाली नाही.

महिन्याभरानं साइटवरून साहेब लालबुंद होऊन परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या ऑफिससमोर ओळंबा उभा राहिला. म्हणाला, "नकाशाची प्रत पाण्याच्या हौदात पडली, लगदा झाला. मी आठवणीनं खुंट्या ठोकल्या. बाजू चुकली." डावरी तिच्या बोर्डापाशी होती, हातात शाईचं पेन. तिनं आदल्या संध्याकाळीच मूळ कागद काढून ताडून पाहिला होता. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ओळंब्याला ठाऊक होतं हे त्याच्या मानेवरून कळत होतं, कारण त्यानं एकदाही तिच्याकडे मान वळवली नाही. तिची दातखीळ बसली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण कॉलेजात, आणि पगार तेवढा हिचाच.

"धाकटी बहीण म्हणजे आई," भाची हळूच म्हणाली.

"तुझी आई. तिच्या नावावर घालू नको. ती नसती तरी मी बोलले असते का, कोण जाणे. घाबरले होते, झालं."

साहेबांनी ओळंब्याला घर पुरं होईपर्यंत ठेवलं, कारण ते काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं, आणि मग काढून टाकलं. त्या पाच महिन्यांत तो शनिवारी आला नाही. जायच्या आधी शिपायाच्या हाती त्याची चिठ्ठी आली: 'रविवारी सकाळी या. घर दाखवतो.' रविवारी ती ठेवणीतले कपडे घालून, बसच्या थांब्यापर्यंत गेली. एक बस सोडली. दुसरी सोडली. कुठल्या तोंडानं जायचं? तिसरी बस यायच्या आत घरी परतली. ओळंबा कुठल्या गावी गेला, पुढे त्याचं काय झालं, हे तिला कधी कळलं नाही. तिनं लग्न केलं नाही. का, हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही.

"आज काय करणार आहेस?" भाचीनं विचारलं.

"दोन वाक्यं बोलणार आहे. महिनाभर पाठ केलीत."

सकाळघराच्या दारात डॉक्टरांची सून उभी होती. घर बांधून घेणारे डॉक्टर केव्हाच वारले, मुलगाही गेला. आता साठी उलटलेली सून एकटी राहत होती आणि महिन्यातून एका रविवारी लोकांना घर बघू द्यायची. नमस्कार-चमत्कार झाले, बुटांवर पिशव्या चढल्या, आणि मावशी दाराशी आली.

दाराची मूठ तिच्या डाव्या हाताला आली.

ती थबकली. मागचे लोक खोळंबले. तिनं मूठ दाबली, दार ढकललं, आणि पहिल्यांदाच अंग तिरपं न करता सरळ आत गेली. आत बटणं डाव्या हाताला. कपाटाचं बोट घालायचं भोक डाव्या हाताला. जिन्याचा कठडा चढताना डाव्या हाताला. उलटा नकाशा म्हणजे उलटं घर, हे तिला डोक्यानं साठ वर्षं माहीत होतं. पण हाताला आज कळलं. आयुष्यभर ती उजव्या हाताच्या लोकांच्या घरांत, बसमध्ये, ऑफिसात कोपरं आपटत जगली होती, आणि हे एक घर मात्र तिच्या हाताच्या मापानं बांधून, पुसून-लखलखून, साठ वर्षं उभं होतं.

बैठकीत पूर्वेची प्रचंड काच होती. बाहेर एक जुनं झाड, त्याच्या फांद्यांतून ऊन आत येऊन फरशीवर पसरलं होतं. गाइड मुलगी तिथे उभी राहून गोष्ट रंगवून सांगत होती. सांगायची हातोटी होती पोरीकडे.

"आणि आपले आर्किटेक्ट दहा मिनिटं त्या जोत्यावर गप्प उभे राहिले. मग म्हणाले, 'असू दे. सकाळ आत येऊ दे.' म्हणजे बघा, ज्याला स्वतःचं डावं-उजवं कळत नव्हतं अशा सुपरवायझरमुळे आपल्याला हे घर मिळालं!"

सगळे खो खो हसले. टकलू गृहस्थ सर्वांत मोठ्यानं हसला. हा विनोद बहुधा दर महिन्याला होत असणार, आणि दर महिन्याला लोक असेच हसत असणार.

मावशीनं तोंड उघडलं. पाठ केलेली दोन वाक्यं जिभेवर होती. आणि पुन्हा तेच झालं, त्या ऑफिसातल्या सकाळी झालं तेच. घोळका हसत हसत पुढच्या खोलीकडे निघालासुद्धा. भाची तिच्याकडे बघत होती. तिनं हात धरला नाही की पुढे ढकललं नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे.

पुढची खोली डॉक्टरांच्या लिखाणाची. छोटीशी, भिंतीत बसवलेलं लांबट टेबल, टेबलाच्या उजवीकडे खिडकी. हे टेबल मावशीला तोंडपाठ होतं. साहेबांच्या पेन्सिलीत ती खिडकी डावीकडे होती, म्हणजे उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या हाताची सावली अक्षरांवर पडू नये. मावशी न विचारता खुर्चीवर बसली. डावा हात टेबलावर ठेवला. उजवीकडून ऊन आलं आणि सावली बाहेरच्या बाजूला, कागद असता तर कागदाच्या पलीकडे पडली. ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन तिला जन्मभर ओरडत आला होता, स्वतःच्या सावलीत काम करतेस म्हणून.

"आजी, तिथे बसायला परवानगी नाहीये," गाइड मुलगी अदबीनं म्हणाली.

"खुंट्या चुकल्या नव्हत्या," मावशी म्हणाली. आवाज चिरका आला, पण आला. "चूक माझी होती. मी ट्रेसर होते. मी कागद पालथा ठेवून गिरवला. त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं."

पाच वाक्यं झाली. दोनच पाठ केली होती.

गाइड मुलगी बावचळली, पण वाईट नव्हती. "आजी, पण सगळ्या पुस्तकांत असंच दिलंय…"

"पुस्तकं नंतर आली. घर आधी आलं. घराला विचारा." मावशी उठली. आता तिला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "खुंट्या चुकीच्या बाजूनं ठोकल्या तर घर फिरतं. फिरलेल्या घरात दारं असतात तशीच राहतात. उजवा हातमोजा टेबलावर कसाही फिरवा, तो उजवाच राहतो. डावा करायचा तर आतली बाजू बाहेर काढावी लागते. हे घर फिरलेलं नाही, उलटलेलं आहे. दारं, नळ, कठडा, हे टेबल, सगळं. असं फक्त कागद पालथा पडला तरच होतं, आणि तो माझ्या बोर्डावर पडला. सकाळपासून दोन घरं बघितलीत तुम्ही. साहेबांच्या दाराच्या मुठी कुठल्या हाताला होत्या?"

सगळ्यांनी टकलू गृहस्थाकडे पाहिलं. त्यानं कॅमेरा उघडला, मागचे फोटो शोधले. मुठी, कड्या, कोयंडे, सगळं होतं. हसणं कधीच ओसरलं होतं. "उजव्या," तो म्हणाला. "एकूण एक उजव्या." मग त्यानं या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि डोक्यावरून हात फिरवला.

"मग तुमच्या साहेबांना हे कळलं नाही?" गाइड मुलीनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यापासून साहेबांच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात एक ओळ असायची: 'ही बाजू वर.' मी नोकरी सोडेपर्यंत. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्याला परतही बोलावलं नाही. ट्रेसरपेक्षा सुपरवायझर चुकला हे बरं दिसत असेल. मला तरी कुठे बोलायचं होतं? साहेब गप्प, मी गप्प. त्या एका माणसाच्या जिवावर आम्ही दोघंही सुखात नोकरी केली."

गाइड मुलीनं पुस्तिका मिटली. "पुढच्या महिन्यापासून मी असं सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि छापलेलंही बदलून घेते. तुमचं म्हणणं लिहून द्याल?"

"देते."

एवढं झाल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. ज्याला ऐकवायचं तो नव्हता, आणि बाकी सगळे ऐकत होते. भाची जवळ येऊन उभी राहिली.

तेव्हा दारातून डॉक्टरांची सून म्हणाली, "त्या डावऱ्या हाताच्या बाई म्हणजे तुम्ही का?"

मावशीनं मान वर केली.

"अकरा वर्षं झाली. एक उंच गृहस्थ आले होते, काठी टेकत, पण ताठ. एकटेच. म्हणाले, मी या घराचा सुपरवायझर होतो, बघू द्याल का? मी म्हटलं, बघा की. दोन तास घर बघत होते. जाताना विचारलं, ऑफिसातल्या एक बाई येऊन गेल्या का, डाव्या हाताच्या? मी म्हटलं, नाही बाई, असं कुणी आलं नाही. मग इथेच बसले, तुम्ही बसला होतात तसे. थांबा हं."

ती गेली आणि एक जाडजूड जुनी वही घेऊन आली. येणारे-जाणारे अभिप्राय लिहितात तसली. पानं उलटत उलटत तिनं एक पान काढून टेबलावर ठेवलं. "मी विचारलं, उजवा हात दुखतोय का? तर हसले. म्हणाले, तपासायचंय."

पानावर पेननं लिहिलेल्या तीन ओळी होत्या. पहिलीतल्या पोराचं असावं असं अक्षर, लहान-मोठं, वर-खाली झालेलं. उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं लिहिलेलं. शनिवारी प्रती नेताना सहीच्या रकान्यात बघितलेलं ते वळणदार अक्षर त्यात कुठेच नव्हतं, पण खाली सहीच्या जागी एक दोरी आणि दोरीला टोकदार गोळा काढला होता.

मावशीनं चष्मा पुसला आणि वाचलं.

'एकेक दार, खिडकी, नळ डाव्या हातानं उघडून पाहिला. सगळं हाताला येतं. तक्रार नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तिला दिसेना. भाचीनं रुमाल पुढे केला. आपण रडतोय हे मावशीला त्यावरून कळलं. लोक एक-एक करून खोलीबाहेर सरकले. गाइड मुलीनं त्यांना झाड दाखवायला नेलं. डॉक्टरांची सूनही निघाली. तिनं जाताना पेन तेवढं टेबलावर ठेवलं.

"नंतर परत आले होते का ते?" मावशीनं तिच्या पाठमोऱ्या आकृतीला विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली.

मावशी पुन्हा खुर्चीत बसली. वहीचं ते पान अर्धं कोरं होतं, लोक बहुधा नव्या पानावर लिहीत गेले असतील. तिनं पेन डाव्या हातात घेतलं. ऊन उजवीकडून येत होतं. आधी तिनं पानाच्या तळाशी गाइड मुलीला कबूल केलेलं लिहिलं: कागद पालथा होता, चूक ट्रेसरची, सुपरवायझरची नव्हे. स्वच्छ, सरळ, नकाशावर घालायची तशा अक्षरात. मग वर, अगदी त्याच्या तीन ओळींखाली सरकली, आणि लिहिलं: 'रविवारी आले. उशीर झाला.'

बाहेर मिनीबसनं हॉर्न दिला. भाची दारातून म्हणाली, "मावशी, सगळे बसलेत गं. थांबायला सांगू?"

"सांग," मावशी म्हणाली. तिनं वही मिटली, उठली आणि समोरच्या कपाटाच्या भोकात डाव्या हाताचं बोट घातलं. "घर बघायचंय मला. एकेक दार उघडून बघायचं ठरलं होतं."